वॉर्साचं ओल्ड टाऊन 'सेट' कसं?
पोलंडच्या सहलीवरच्या लेखात राजधानी वॉर्साचं ओल्ड टाऊन नव्याने बांधलेलं, म्हणजे सिनेमाचा सेटच, असं म्हणून एका ओळीत उडवलंय ते अजिबात पटलं नाही. अहो 1944 मध्ये नाझी जर्मन ताब्याविरुद्धच्या उठावात आणि नंतर जर्मनांनी शहर ठरवून जमीनदोस्त केलं, मग लोकांनी चित्रकार बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं नि जुनी ड्रॉइंग्ज समोर ठेवून, ढिगाऱ्यातले कोरीव दगड वेचून ते परत उभं केलं, 1980 ला युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. आम्ही गेलो तेव्हा एका दाराच्या चौकटीत काळवंडलेला जुना दगड आणि त्याला लागून नवा गुळगुळीत, सांधा सरळ दिसत होता. पोलंडमधलंच क्राकूव्ह शहर देखणं आहेच, पण वीकेंडला एकच शहर करायचं तर मी वॉर्साच म्हणेन. आणि दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासित राहिले त्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पच्या आठवणीचं स्मारकही वॉर्सातच आहे, मराठी लेखात त्याचं नावही नाही म्हणजे कमालच झाली!