धनेशाचं पीस आणि कोन्याकांचा युद्धनाच

वादाला तोंड फोडलं दिग्यानं. नागालँडात कोहिमाजवळ किसामाला भरणाऱ्या हॉर्नबिल (म्हणजे धनेश) उत्सवातला कोन्याक या नागा जमातीचा युद्धनाच मोबाईलवर बघत होता. म्हणाला, "हे सगळं आता पर्यटकांसाठी लेका. शत्रूची मुंडकी मारणारी माणसं गेली, नाचणारी राहिली. लढाई नाही तर युद्धनाच कसला?"

रंकाळ्याच्या कट्ट्यावर असं काही बोललं की सहज सुटका होत नाही. मी म्हटलं, "तू आखाड्यात फरी-गदका खेळतोस, तेव्हा कुठली मोहीम चालू असते रे?"

"ते वेगळं. आमचा तो वारसा आहे."

"मग त्यांचा काय आहे?"

व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज मोठा करून. वेताच्या विणलेल्या टोप्या, त्यांना रानडुकराचे सुळे, लाल रंगवलेले बकरीचे केस, वर धनेशाची पांढरी पिसं आणि प्रत्येक पिसावर एक काळा पट्टा. हातात दाव, म्हणजे कोयत्यासारखं रुंद पात्याचं हत्यार, आणि भाले. एकजण हाळी देतो, अख्खी रांग बेंबीच्या देठापासून उत्तर देते आणि पाय जमिनीवर जड पडतात. मधेच ठासणीच्या बंदुकांचा बार. या बंदुका आणि दारू घरीच तयार करण्यात कोन्याक पूर्वीपासून वाकबगार.

सुभेदार काका इतका वेळ गप्प होते. त्यांची नोकरीची काही वर्षं कोन्याकांच्या मोन जिल्ह्यात गेली. म्हणाले, "दिगंबर, तू बघतोयस तो डिसेंबरचा नाच. एप्रिलात त्यांचा आओलिआंग सण असतो, पेरण्या उरकल्यावर. तिथं तिकीटबिकीट काही नाही, सगळा गाव नाचात. अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेला त्यांचा नगारा असतो. दोन्ही बाजूंनी माणसं ओळीनं उभी राहून बडवतात. पूर्वी मुंडकं आणलं की तो वाजायचा, गावावर संकट आलं तरी वाजायचा."

दिग्या हटेना. "काका, गळ्यातली ती पितळेची मुंडकी बघा. ज्यानं खरंच मुंडकं आणलं त्यानंच ती घालायची ना? आता विशीतली पोरं घालतात. न कमावलेलं पदक छातीवर लावल्यासारखंच झालं."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि मला तो अजूनही टोचतो. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रकार चालू होता. तोंडावर गोंदण असलेले शेवटचे म्हातारेही आता एकेक करून चाललेत. पण मला वाटतं, पोरानं आजोबाची माळ घालून आजोबाच्या पावलावर पाय टाकला, तर तो खोटेपणा होत नाही. नागांचे असे नाच बंद पाडायचे प्रयत्न कमी झाले का? १८७२ मध्ये क्लार्क नावाचा अमेरिकन मिशनरी आओ नागांच्या गावात आला. पुढं मिशननं नाच, तांदळाची दारू आणि तरुण पोरं एकत्र राहून शिकायची ते मोरुंग, सगळ्यालाच पाप ठरवलं. मिशनची ही बंदी काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही पटली नव्हती. आज नागालँडमध्ये बहुसंख्य लोक बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती आहेत, रविवारी चर्चला जातात आणि तरीही नाचतात. त्यांनी दोन्ही सांभाळलं, याचं मला फार मोल वाटतं.

वैशालीचा आक्षेप वेगळाच. ती पक्षी बघत फिरते. "पिसांचं काय? हाच महाधनेश आपल्या तिळारीच्या जंगलात आहे. उत्सवाला नाव पक्ष्याचं, आणि त्यांच्याच डोंगरांत शिकारीनं तो दिसेनासा झालाय. कायद्यानं त्याला मारायची बंदी आहे."

"म्हणून तर आता बरेचजण नकली पिसं लावतात."

"सगळ्यांनी लावायला हवीत," ती म्हणाली. यावर मात्र कुणीच वाद घातला नाही.

मग मी २०२१ सालचा विषय काढला. हॉर्नबिल उत्सव २००० साली राज्य सरकारनं सुरू केला, दरवर्षी १ डिसेंबरपासून, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनापासून. त्या वर्षी उत्सव चालू असतानाच ४ डिसेंबरला मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ सैन्याच्या तुकडीनं कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांना अतिरेकी समजून गोळ्या घातल्या. सहाजण जागीच गेले. पुढच्या हिंसाचारात नागरिकांचा आकडा १४ वर गेला. पूर्वेकडच्या जमातींनी किसामात आपापल्या मोरुंगवर काळे झेंडे लावले आणि नाचायला नकार दिला. उरलेला उत्सव सरकारला रद्द करावा लागला.

"दिग्या, नुसता पर्यटकांचा खेळ असता तर तो असा थांबला असता? कधी नाचायचं आणि कधी नाही हे त्यांनी ठरवलं. नाच त्यांचा आहे तो इथं."

सुभेदार काका तळ्याकडं बघत म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी." फौजेत उभी हयात गेलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं, त्याला वजन होतं.

दिग्या थोडा नरमला, पण पूर्ण नाही. "मग डिसेंबरला जाऊन बघूया की."

"डिसेंबरात नको," काका म्हणाले. "एप्रिलात मोनला चला. इनर लाईन परमिट, म्हणजे तिथं शिरायचा सरकारी परवाना, आधी काढा, आणि रस्त्याची तयारी ठेवा. पाठ मोडेल, सांगून ठेवतो."

वैशालीनं तिथंच सुट्ट्या मोजायला घेतल्या. दिग्या अजून कोहिमावर अडून बसलाय.