प्रकाशयोजनेसाठी बघितला हो!

तारुण्य, वासना आणि बंडखोरी असा माल असलेला कलात्मक सिनेमा बघायचा तर आधी चेहरा तयार करा. भुवया जरा आक्रसलेल्या, ओठ मिटलेले, हनुवटीखाली मूठ. पडद्यावर बटणं सुटू लागली की तुमच्या चेहऱ्यावर चिंतन दिसलं पाहिजे. शेजारच्याने काही विचारायच्या आत म्हणून टाका, "प्रकाशयोजना बघ." (खोलीला एकच खिडकी आहे, उजेड दुसरीकडून येणार कुठून, हे त्याला सुचणार नाही. तोही प्रकाशयोजनाच बघत असतो.)

थोडं राजकारण असलेला सिनेमा निवडलात तर उत्तम. २००३ चा 'द ड्रीमर्स' घ्या. १९६८ चं पॅरिस, बाहेर विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलेलं आणि आत तीन देखणी पोरं फ्लॅटचं दार लावून बसलेली. तुम्ही अर्थातच आंदोलन बघायला आलात. दिग्दर्शक बर्तोलुची तेव्हा साठी ओलांडलेले, कलाकार विशीच्या आसपासचे. तारुण्य म्हणजे काय ते म्हातारपणीच नीट कळतं, असं गंभीरपणे म्हणा, चालून जातं.

फसगतही होते. 'द मदर अँड द होअर' हे नाव वाचून तुम्ही दिवे मालवून बसाल. १९७३ चा, कृष्णधवल, साडेतीन तासांहून मोठा, आणि माणसं बोलताहेत, सिगारेट ओढताहेत, पुन्हा बोलताहेत. हा खरोखरच थोर सिनेमा आहे, म्हणून तो तुम्ही अर्ध्यावर सोडाल.

कोणी अश्लील म्हणालंच तर कायदा काढा. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचा 'द लव्हर्स' आला. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं की व्याख्या करणं जमणार नाही, पण बघितलं की कळतं, आणि हा चित्रपट तसला नाही. म्हणजे आधी बघावं लागतं! तुमची बाजू याहून भक्कम कोण मांडणार?

एक प्रश्न मात्र टाळा. बर्तोलुचींच्याच 'लास्ट टँगो इन पॅरिस'च्या वेळी नायिका मारिया श्नायडर १९ वर्षांची होती, नायक मार्लन ब्रँडो ४८ चा. त्यातल्या बलात्काराच्या कुप्रसिद्ध प्रसंगातला लोण्याचा तपशील तिला आधी सांगितलाच नव्हता. आपला अपमान झाला, पडद्यावरचे अश्रू खरे होते, असं तिने २००७ मध्ये सांगितलं. तिच्या निधनानंतर बर्तोलुचीही बोलले: त्यांना अभिनेत्रीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती. हा विषय निघाला की "कलाकृती वेगळी, कलावंत वेगळा" म्हणा आणि घड्याळ बघा.

नाहीतर हे सांगा: याच सिनेमापायी इटलीतल्या न्यायालयाने १९७६ मध्ये प्रती नष्ट करायला लावल्या, बर्तोलुचींचा मतदानाचा हक्क पाच वर्षं काढून घेतला. केवढी किंमत मोजली माणसाने कलेसाठी! ऐकणारे हळहळतील. ती शिक्षा अश्लीलतेची होती, श्नायडरशी जे केलं त्याची नव्हती, हे पुढचं वाक्य तुम्ही बोलू नका.