छोटा हत्तीत डर्ट बाईक बांधायच्या त्या व्हायरल 'टिप्स': एकेक करून बघू

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. रायडिंग ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, एवढंच काय, मामाने पण पाठवला, ज्याच्याकडे अ‍ॅक्टिव्हा सोडून काही नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाईक टेम्पोत चढवून साइड स्टँडवर लावा आणि पहिल्या गिअरला टाका, सीटवरून नायलॉनची दोरी आडवी घेऊन घट्ट आवळा, पुढचे शॉकअप दाबू नका नाहीतर ऑईल सील फुटतं आणि स्प्रिंग बसते, मागचा फाळका (हौद्याचं मागचं झाकण) लागत नसेल तर उघडा ठेवून चालतो, आणि खात्री म्हणून मागे एक पोरगं बसवा गाडी धरायला. खाली 'दहा वर्षांचा अनुभव' वगैरे लिहिलंय.

दहा वर्षं गाडी पडली नसेल तर नशीब चांगलं असेल बाबा. माझी पडलीय. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून नाशिकला जाताना, मंचरच्या अलीकडे, अगदी ह्याच पद्धतीने बांधलेली, आणि बांधली मीच होती त्यामुळे ड्रायव्हरला दोष द्यायची सोय नाही. गाडी हिरोची एक्सपल्स, क्लच लेव्हर तुटला, टाकीला नारळाएवढा पोचा. तेव्हापासून ह्या विषयावर माझं जरा जास्तच वाचन आणि प्रयोग झालेत, म्हणून हा एवढा मोठा मेसेज.

पहिलं, साइड स्टँड. घरासमोर उभी असते तेव्हा गाडी स्टँडवर स्थिर असते कारण जमीन हलत नाही, टेम्पोचा हौदा मात्र सतत हलतो. गाडी स्टँडवर कललेली, वरून दोरीने खाली दाबलेली, म्हणजे तो सगळा दाब त्या स्टँडच्या एका बोल्टवर आणि फ्रेमला वेल्ड केलेल्या एका छोट्या पट्टीवर. प्रत्येक गतिरोधकाला तिथे हातोडा बसतो. शिवाय दुसऱ्या बाजूला कललं की स्टँड हवेत, मग तो असून नसून सारखाच. आणि ज्या गाड्या खऱ्या अर्थाने डर्ट बाईक आहेत, म्हणजे केएक्स 250 सारख्या ट्रॅकवरच्या, त्यांना साइड स्टँड येतच नाही! त्या मग कशावर उभ्या करायच्या, मेसेजवाल्याच्या अनुभवावर?

गाडी सरळ उभी पाहिजे, दोन चाकांवर, स्टँड वर उचललेला. गिअरला टाकली तर बिघडत काही नाही पण गिअर फक्त मागचं चाक फिरू देत नाही, गाडी आडवी पडण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरं, सीटवरून दोरी. हा सगळ्यात फसवा मुद्दा आहे कारण दिसायला एकदम टाइट दिसतं. सीट म्हणजे फोम. फोम दबतो, दोरी आवळली जाते, तुम्ही हाताने हलवून बघता, गाडी हलत नाही, तुम्ही खूश. मग दहा किलोमीटर खडखड झाली की फोम अजून दबतो, नायलॉन ताणला जातो (नायलॉनचा तो गुणच आहे, म्हणून तर गिर्यारोहणाच्या दोराला वापरतात, झटका खायला), पाऊस लागला तर अजून सैल, आणि गाठ सरकते ती वेगळीच. माझी मंचरला नेमकी हीच स्टोरी होती, चहाला थांबलो तेव्हा दोरीखाली अख्खा हात जात होता, मी म्हटलं असू दे.

आणि ती दोरी गाडीला पुढे जाण्यापासून अडवतच नाही. हिशोब करून बघा, टेम्पो 40 च्या स्पीडवरून 12 मीटरमध्ये थांबला, म्हणजे काही फार भयंकर ब्रेक नव्हे, तर 158 किलोची एक्सपल्स साधारण 80 किलोच्या जोराने पुढे ढकलते. त्यासाठी पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला किंवा जाळीला टेकलेलं पाहिजे, आणि पट्टे खाली आणि पुढे असे दोन्हीकडे ओढणारे पाहिजेत. खाली ओढलं की गाडी उभी राहते, पुढे ओढलं की चाक टेकलेलं राहतं. हँडलच्या डाव्या बाजूचा पट्टा हौद्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात, उजवीकडचा उजव्या कोपऱ्यात, मागून बघितलं की दोन्ही साधारण 45 अंशात तिरके. बस्स, नव्वद टक्के काम एवढंच आहे.

पट्टे म्हणजे रॅचेटवाले (दांडा खालीवर करून आवळायचे) किंवा बकलवाले, पॉलिस्टरचे, ते नायलॉनइतके ताणत नाहीत. पट्ट्यावर लिहिलेला आकडा नीट वाचा, बऱ्याचदा मोठ्या अक्षरात तुटायचा आकडा असतो आणि वापरायचा आकडा त्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. आणि अडकवायचं कुठे? ग्रिपला तर नाहीच, हँडलच्या टोकाला पण नको, रॅचेटच्या जोराने हँडल क्लॅम्पमध्ये फिरतं. हँडलखालची जी टी असते, फोर्क (म्हणजे पुढचे शॉकअप) धरणारी, तिथे कापडी लूप टाकायचा आणि त्यात हुक. रंग पण जात नाही.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती सांगतो. आपल्याकडच्या टेम्पोला दोरीचे हुक बाहेरच्या बाजूला, हौद्याच्या खाली असतात, भाजीच्या क्रेटवर ताडपत्री बांधायला बनवलेले. म्हणजे पट्टा वरून येतो, बाजूच्या फाळक्याच्या पत्र्याच्या कडेवरून वळतो आणि मग खाली हुकात जातो. ती कड बोट फिरवून बघा एकदा. नवा पट्टा एका नाशिक ट्रिपमध्ये अर्धा चिरलेला मी बघितलाय, धागे असे दाढीसारखे बाहेर आलेले. तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा नाहीतर गोणपाटाची घडी घालायची, पंक्चरवाला फुकट देतो ट्यूब. शक्य असेल तर वेल्डरकडून आतल्या पुढच्या दोन कोपऱ्यांत कड्या लावून घ्या, पण पातळ पत्र्याला नको, खालच्या आडव्या चॅनेलला.

आता तिसरं, शॉकअप दाबू नका. हा मुद्दा सगळ्यांना पटतो कारण ऐकायला एकदम मेकॅनिकसारखा वाटतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गाड्या ह्याच मुद्द्याने पडतात. होतं काय बघा. पट्टे सैलसर ठेवले, फोर्क वर उभा आहे. खड्डा आला, हौदा उसळला, गाडीचा फोर्क 5-7 सेंटीमीटर दबला. त्या क्षणी पट्टा सैल पडला, आणि उघड्या तोंडाचा एस हुक कडीतून निसटला. फोर्क परत वर आला तेव्हा तिथे धरायला काहीच नाही. म्हणजे पट्टा तुटत नाही, हुक निसटतो, आणि आपण शिव्या पट्ट्याला देतो. म्हणून फोर्क आधीच दाबून ठेवायचा, मग तीच स्प्रिंग पट्ट्याला कायम ताणून धरते. गाडीची स्प्रिंगच गाडीला बांधून ठेवते असं समजा.

किती दाबायचा? एक्सपल्सच्या फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते, 190 मिलिमीटर आहे, त्यातला एक तृतीयांश ते अर्धा, म्हणजे 6 ते 9 सेंटीमीटर. पूर्ण तळाला नेऊन बसवायची गरज नाही, तसं केलं तर सगळा धक्का सरळ पट्ट्याला आणि टीला जातो. आणि सीलचं म्हणाल तर, एका उडीत हा फोर्क तळापर्यंत जाऊन येतो, दिवसात शंभरदा, तेव्हा सील फुटत नाही आणि टेम्पोत पाच तास अर्धा दाबला की फुटतो? सील जातं ते चिखलाने, धुळीने आणि फोर्कच्या नळीवर पडलेल्या ओरखड्याने. आधीच मरायला टेकलेलं सील असेल तर गळेल, हे मान्य. स्प्रिंगचं पण तेच, स्टील नुसतं दाबून ठेवल्याने बसत नाही, लाखो वेळा दबून-सुटून थकतं. फक्त मुक्कामाला पोचल्यावर पट्टे सोडा, रात्रभर कशाला उगाच. तरीही जीव खालीवर होत असेल तर टायर आणि वरच्या मडगार्डच्यामध्ये लाकडी ठोकळा बसवा, फोर्क त्याच्यापुढे दबतच नाही. आरएक्स 100 वाल्यांनो, तुमचं मडगार्ड टायरला चिकटून असतं, तुम्हाला हा जुगाड नाही.

फाळका. इथे मेसेजवाल्याने टेप काढून मोजलंच नाहीये. टाटा एसचा, म्हणजे आपल्या छोटा हत्तीचा, हौदा 2200 मिलिमीटर लांब, एक्सपल्सची लांबी 2222. कागदावर बसत नाही. पण ती लांबी मडगार्डच्या टोकापासून टोकापर्यंतची, चाकं बघितली तर व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) 1410, त्यात पुढच्या टायरच्या त्रिज्येचे साधारण 350 आणि मागच्याचे 325 धरले की झाले 2085. म्हणजे चाकं सरळ आत बसतात, फाळका फक्त 300 मिलिमीटर उंच आहे, तो बंद होतो आणि मागचं मडगार्ड त्याच्यावरून जरासं तरंगतं. फक्त पुढचं मडगार्ड जाळीला दाबलं जातंय का ते पट्टे आवळताना बघा. नाहीच जमलं तर तिरकी लावा, कर्ण 2650 च्या वर येतो, एका गाडीला भरपूर. उघडा फाळका लोंबकळत न्यायचा म्हणजे मागचा दिवा, नंबर प्लेट झाकली जाते, आणि माल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्यात कलम 194(1अ) खाली 20,000 रुपये दंड आहे.

पोरगं बसवायचा मुद्दा लिहिताना पण राग येतो. वरचा 80 किलोचा हिशोब आठवा, तो त्या पोराच्या अंगावर येणार. मालाच्या हौद्यात माणूस बसवणं बेकायदेशीर आहे ते आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या गाडीला धरायला माणूस लागतो ती गाडी बांधलेली नाहीये. मागे दोन पट्टे अजून लावा, फूटपेगपासून (पाय ठेवायच्या दांड्यांपासून) दोन्ही बाजूंना, फार आवळायची गरज नाही, मागचं चाक खड्ड्यात उडून बाजूला सरकू नये एवढंच. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून एकदा हात लावून बघा. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद.

आणि उतरवायचं त्या मेसेजमध्ये काहीच नाही. दाबलेला फोर्क रॅचेट खटकन सोडलं की उसळतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला झेप घेते. एकाने गाडीला चिकटून उभं राहायचं, पुढचा ब्रेक दाबून, दुसऱ्याने मागचे पट्टे आधी काढायचे, मग पुढचे थोडे थोडे, एकदा डावा एकदा उजवा. आणि तोंड हँडलच्या वर ठेवायचं नाही. माझा मित्र नाशिकला पोचल्यावर नेमका वाकून बघत होता, ओठाला तीन टाके.