‘चार दिवस नो नेटवर्क!’ असं मी फेसबुकवर लिहिलं

मागच्या महिन्यात इथेच मी एक फोटो टाकला होता. सिंगापूरचं क्रूझ टर्मिनल, मागे पांढरंशुभ्र जहाज, पुढे मी आणि हे, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. खाली लिहिलं होतं, ‘चार दिवस नो नेटवर्क! वन्संच्या आग्रहामुळे अखेर योग आला.’ आणि वन्संना टॅग केलं होतं. दोनशेच्या वर लाइक आले. तुम्ही बऱ्याच जणांनी ‘मज्जा करा’ लिहिलंत. तो फोटो मी आता काढून टाकलाय. का, ते सांगायला ही पोस्ट.

वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, सांगलीला असतात आणि घरून मेतकूट, भाजणी, गोडा मसाला विकतात. त्यांच्या फेसबुक पेजवर त्यांचा व्हॉट्सॲप नंबर मोठ्या अक्षरात आहे. असणारच, धंदा आहे. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीत असताना, त्यांना एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. डीपीला माझाच फोटो, टोपीसकट.

‘हॅलो दीदी, हा माझा नवीन नंबर आहे. माझा फोन समुद्रात पडला. जहाजावर कार्ड काम करत नाही. कृपया त्वरित ४८,००० रुपये हस्तांतरित करा. मी परत आल्यावर देईन.’

पस्तीस वर्षांत मी त्यांना ‘वन्सं’ सोडून दुसरी हाक मारलेली नाही. आणि ‘हस्तांतरित’ हा शब्द मी बँकेत असतानासुद्धा फक्त हिंदी पंधरवड्यात वापरला असेल. वन्सं नंतर मला म्हणाल्या, “अगं, तू मला दीदी? मला वाटलं, बोट लागलीय तुला.”

हसू येतं, पण त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. त्यांनी मला फोन केला. स्विच्ड ऑफ. ह्यांना केला. तेच. पुण्याला आमच्या मुलाला केला, त्याने आम्हाला केला. पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, आत्या, फ्रॉड आहे, एक पैसा पाठवू नकोस. पण वन्संचे मिस्टर जुन्या वळणाचे. त्यांचं म्हणणं, मेसेज खोटा असेलही, पण परदेशात खरंच अडकले असतील तर? ‘संपर्क होणार नाही’ हे तर तिनेच लिहिलंय. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनाने दहा हजार पाठवले. ‘निदान तेवढे तरी.’ भामट्याने पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्या ३८ हजारांची आठवण केली.

आम्ही दोघं तेव्हा अकराव्या मजल्यावर गरम पाण्याच्या कुंडात बसलो होतो.

आता जहाजावरच्या इंटरनेटबद्दल. ते होतं, पण आम्ही घेतलं नव्हतं. एका फोनचे दिवसाला वीस डॉलर सांगितले. ह्यांनी हिशोब केला, एका फोनचे चार दिवसांचे जवळपास सात हजार रुपये. “सात हजारांत घरी वर्षभर नेट येतं,” असं म्हणून विषय संपला. मीही मान डोलावली. माझ्या फोनवर एका दिवसाचा रोमिंग पॅक होता, तो मलेशियात पिनांगला उतरल्यावर वापरायचा म्हणून राखून ठेवला आणि फोन विमान मोडवर टाकला.

हे विमान मोडचं आमच्या धाकट्या दिरांना कोणी सांगितलं नव्हतं. तेही जाऊबाईंसोबत आमच्याच ग्रुपमध्ये होते. त्यांनी मलेशिया आणि थायलंड असा दोन देशांचा पॅक घेतला होता, त्यामुळे ते निर्धास्त. पण भर समुद्रात फोनच्या कोपऱ्यात ज्या दांड्या दिसतात त्या मलेशियाच्याही नसतात आणि थायलंडच्याही नसतात. जहाजाचा स्वतःचा मोबाइल टॉवर असतो. किनारा मागे पडला की तो सुरू करतात, बंदर जवळ आलं की बंद करतात, आणि त्यावरचं सगळं उपग्रहामार्फत जातं. मोबाइल कंपन्यांच्या लेखी हा एक वेगळाच देश आणि त्याचे दर वेगळे. भाऊजींचा फोन रात्रभर खिशात बसून फोटोंचा बॅकअप घेत होता. घरी आल्यावर बिल आलं साडेसहा हजारांचं. म्हणजे वाय-फाय न घेता वाय-फायचे पैसे भरले.

समुद्रावरचं नेट इतकं महाग का, हे मी परत आल्यावर वाचत बसले. पूर्वी जहाजं ज्या उपग्रहांवर अवलंबून असत ते विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. आपण ‘हॅलो’ म्हणायचं, ते तिथवर जाऊन खाली यायचं, उत्तरानेही तोच प्रवास करायचा, यात अर्धा सेकंद सहज जातो. शिवाय त्या नेटची अरुंद नळी हजारो प्रवाशांत वाटायची. इलॉन मस्कच्या स्टारलिंकचे, म्हणजे नव्या उपग्रह-इंटरनेटचे, उपग्रह साधारण पाच-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०२२ मध्ये आपल्या सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं, मग बाकीचेही त्या मार्गाला लागले. म्हणजे तंत्राचं कारण बरंचसं मिटलं. दर मात्र अजून स्पा आणि मसाजच्या यादीत बसल्यासारखे आहेत. माझं स्पष्ट मत आहे की व्हिडिओ, रील, क्रिकेट यांचे हवे तेवढे पैसे घ्या, पण नुसते शब्दांचे मेसेज प्रत्येक प्रवाशाला फुकट मिळाले पाहिजेत. जेवणाच्या टेबलावर पाणी ठेवता ना, तसे. जहाजाचं ॲप उघडायला वाय-फाय फुकट असतं, आज डिनरला काय आणि जादूचे प्रयोग किती वाजता ते त्यावर दिसतं. मग घरच्यांना ‘ठीक आहोत’ एवढं कळवायला काय अडतं?

आमची केबिन आवरायला येणारा मुलगा गोव्याचा होता, सासष्टीचा. त्याची कोंकणी आणि माझी मालवणी यांचं छान जमलं. तो म्हणाला, पूर्वी बंदर आलं की सगळा स्टाफ आधी फुकट वाय-फायचा कॅफे शोधायचा, शहर बघायचं सोडून पायऱ्यांवर बसून घरी व्हिडिओ कॉल. आपण चार दिवसांचे पाहुणे. ह्या पोरांचे आठ-आठ महिने तिथे जातात.

तर पिनांग. तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागलं. मी विमान मोड काढला आणि फोन हातात थरथरायलाच लागला. मिस्ड कॉलचे मेसेज, मुलाचे ‘आई ऑनलाइन आलीस की लगेच’, वन्संचे सात व्हॉइस मेसेज, एकापेक्षा एक वरच्या पट्टीतले. मी धक्क्यावर उन्हात उभी राहून पहिला फोन वन्संना लावला. त्या आधी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “तूच ना?” मी म्हटलं, “वन्सं, मीच.” त्यावर त्या रडल्या. दहा हजारांसाठी नव्हे.

मुलाने दरम्यान १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून तक्रार केली होती, पण पैसे जाऊन वीस तास उलटल्यावर. वन्संच्या मिस्टरांनी पैसे पाठवल्याचं आधी कोणाला सांगितलंच नव्हतं. अशा फसवणुकीत पहिले एक-दोन तास मोलाचे असतात, पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता येतात. आमचे पांगले.

पुढचा मुक्काम थायलंडमधलं फुकेत. तिथून परत निघताना मी निमूटपणे एका दिवसाचं वाय-फाय घेतलं. म्हटलं, खात्यांवर एकदा नजर टाकू. तर पुढचा तमाशा. ज्या बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली तिनेच मला ओळखलं नाही! जहाजाचं नेट उपग्रहावरून कुठल्यातरी देशातल्या केंद्रात जमिनीला टेकतं, आणि जगाला तुमचा पत्ता तोच दिसतो. मी मलाक्कात, बँकेला दिसतेय भलत्याच खंडात. मग बँक म्हणते, ओटीपी टाका. ओटीपी येणार एसएमएसने, एसएमएस येणार मोबाइल नेटवर्कवर, आणि मोबाइल नेटवर्क म्हणजे भाऊजींचं ते साडेसहा हजारांचं. वीस डॉलर भरून मी दारापर्यंत पोहोचले आणि किल्ली किनाऱ्यावर राहिली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नियम काढून एसएमएसच्या ओटीपीशिवाय दुसऱ्या पद्धतींना वाट करून दिली, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. माझ्या बँकेचं घोडं समुद्रात कधी पोहायला लागतंय ते बघायचं.

ही हकीकत ग्रुपवर सांगितली तेव्हा निम्म्या लोकांनी एकच सल्ला दिला. व्हीपीएन घ्या, म्हणजे फोनची सगळी वाहतूक कुलूप लावून दुसऱ्याच पत्त्यावरून नेणारं ॲप. जहाजाच्या वाय-फायवर हॅकर बसलेले असतात म्हणे, काळी टोपी घालून. मला हा सल्ला ऐकून कंटाळा आलाय. व्हीपीएन वाईट नाही, जरूर घ्या. पण आज बँकेचं ॲप, व्हॉट्सॲप, जीमेल, सगळी वाहतूक कुलूपबंदच जाते. शेजारच्या केबिनमधल्याला ती सहजी वाचता येत नाही. आणि व्हीपीएन दिसला की बँकांची काही ॲप्स उघडतच नाहीत, ते वेगळं. मला आलेला फटका वाय-फायवरून आलाच नाही. मी वाय-फाय घेतलंच नव्हतं!

वाय-फायचा खरा धोका म्हणजे बनावट नाव. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात एकावर गुन्हा दाखल झाला. पर्थ, मेलबर्न, ॲडलेडच्या विमानतळांवर आणि चक्क विमानात तो खऱ्यासारख्या नावाचं फुकट वाय-फाय सुरू करायचा. जोडलं की पान उघडायचं, ईमेल आणि पासवर्ड टाका. लोक टाकायचे. जहाजावर तर चार दिवस हजारो लोक एका डब्यात कोंडलेले. नाव काहीही ठेवता येतं. अमेरिकी नौदलाच्या यूएसएस मँचेस्टर या युद्धनौकेवर २०२३ मध्ये चीफ हुद्द्याच्या काही मंडळींनी गुपचूप स्टारलिंकची डिश बसवून स्वतःपुरतं वाय-फाय चालवलं, त्याचं नाव होतं ‘स्टिंकी’. कित्येक महिने कप्तानाला पत्ता नाही! युद्धनौकेवर ही गत, तर आपल्या पूल डेकवर काय. जहाजाच्या वाय-फायला खोली नंबर, आडनाव, जन्मतारीख असलं काही विचारतात. जीमेलचा पासवर्ड मागितला की समजायचं, गळ टाकलाय.

आणि दुसरी गोष्ट, जी कोणी बोलत नाही. पासपोर्टची प्रत आपण स्वतःच्या हाताने बुकिंगच्या वेळी देतो. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या ईमेल खात्यांतून २०१९ मध्ये चोर आत शिरले आणि प्रवासी व कर्मचारी मिळून सुमारे १ लाख ८० हजार अमेरिकी लोकांची माहिती उघडी पडली, त्यात पासपोर्ट नंबरसुद्धा. २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी साडेबारा लाख डॉलरवर तडजोड केली. तिथे तुमचा व्हीपीएन काय करणार होता? म्हणून माझं म्हणणं, एजंटला व्हॉट्सॲपवर पासपोर्टचे फोटो भराभर पाठवायची सवय आधी मोडा. ‘मॅडम, पॅन पण टाकून ठेवा’ म्हटलं की लगेच टाकू नका. पॅन नेमकं कशासाठी हवं ते आधी विचारा.

सहलीआधी आमच्या आयोजकांनी मीटिंग घेतली होती. दीड तास. प्लगच्या पिना कुठल्या, थेपले किती, उलटीची गोळी कधी घ्यायची, साडीवर बूट चालतील का. फोनवर एक वाक्य नाही. पुढच्या वेळी मलाच बोलवा, मी पंधरा मिनिटं बोलेन. जीमेलचे दहा बॅकअप कोड, जे ओटीपीऐवजी चालतात, कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवा, त्यांना मोबाइल नेटवर्क लागत नाही. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) पिन लावा. कार्डाच्या परदेशी व्यवहारांची मर्यादा निघण्याआधी घरूनच ठरवा. जहाज सुटलं की विमान मोड, मग वाय-फाय हवं तर घ्या. आणि समुद्रातून फोटो टाकायचेच असतील तर घरी आल्यावर टाका, शिळे झाले तरी समुद्र तोच असतो. हे मुंबई-गोवा जहाजालाही लागू आहे. किनारा नजरेआड झाला की तिथेही फोन मुका होतो, सिंगापूरलाच जावं लागत नाही.

ह्यांचं मत अजून वेगळं आहे. ते म्हणतात, चार दिवस फोन वाजला नाही हीच तर सहल होती. खोटं नाही बोलणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेकवर उभं राहून मलाही तसंच वाटलं होतं. पाणी तेलासारखं संथ होतं आणि दूर मालवाहू जहाजांचे दिवे रांगेने लागत होते. त्याच वेळी सांगलीत दोन म्हातारी माणसं आमच्या काळजीने जेवायची थांबली होती, हे मला त्या संध्याकाळपासून आता वेगळं काढता येत नाही.

दहा हजार मी वन्संच्या मिस्टरांना परत केले. घेत नव्हते, पण दिले. सात हजार वाचवायला गेलो होतो.

डिसेंबरात वन्सं आणि त्यांचे मिस्टर मुंबई-गोवा जहाजाने निघालेत, गोव्याला मुलीकडे. परवा वन्संचा फोन होता. आम्ही एक शब्द ठरवलाय. अडीअडचणीला ज्याचा मेसेज येईल त्याने तो शब्द सांगायचा, नाहीतर पैसे नाहीत. शब्द वन्संनीच सुचवला आणि तो त्यांच्या दुकानातला नाही, एवढंच सांगते.

वन्सं, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे. कृपा करून तो खाली लिहू नका.