'चार्ज'चे अर्थ खरंच सुटे आहेत का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

आकार, आरोप, हल्ला, पदभार, वीज हे 'चार्ज' या इंग्रजी शब्दाचे पाच सुटे अर्थ. मुलांनी ते पाठ करावेत, मुळाच्या नादी लागू नये, असं तुम्ही लिहिलंत. पाठांतराला ना नाही. सुटे मात्र मला पटत नाहीत.

लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी. तिच्यावरून गाडीत माल लादण्याचं क्रियापद झालं, तेच फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. लादणं, भरणं हा त्याचा गाभा, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, तो आजही तसाच वापरात आहे. क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, आधी तळाचा कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) पेटवायचा, मग वरच्या दारातून पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, कोक, चुनखडी थरावर थर टाकायचे. हा एकेक भरणा म्हणजे चार्ज. साधारण आठ-दहा किलो धातूला एक किलो कोक. कोक कमी पडला की रस, म्हणजे वितळलेला धातू, थंड उतरतो आणि मोल्ड (साचा) पुरता भरत नाही. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत ओलं भंगार थेट रसात गेलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उडतो.

बंदुकीत दारू ठासणं हाही चार्जच. अठराव्या शतकात शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन लेडन बरणी (वीज साठवणारी काचेची बरणी) 'चार्ज' करत होता, आपण मोबाइल करतो. माणसावर काम लादलं की पदभार, गुन्हा लादला की आरोप, हिशेबात रक्कम लादली की आकार. जमिनीवर कर्जाचा चार्ज आला तर उताऱ्यावर 'बोजा चढला' असंच आपण म्हणतो ना? हल्ल्याचा अर्थ तेवढा आडवाटेचा, शस्त्र रोखून धरण्यातून आलेला. तो खुशाल पाठ करून घ्या.

परीक्षेत मुलं अडतात ती बहुतेक प्रिपोझिशनवर. पैसे घेतले तर 'चार्ज्ड फॉर', आरोप ठेवला तर 'चार्ज्ड विथ'. त्यात 'अक्यूज्ड'ला 'ऑफ' लागतं, म्हणून घोळ वाढतो आणि 'चार्ज्ड फॉर थेफ्ट' सर्रास लिहिलं जातं. रक्कम खात्यावर टाकायची तर 'टू', म्हैस अंगावर धावून आली तर 'ॲट'. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळणारा, 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे ज्याला सांभाळायचं तो. एका 'द'पायी हेडमास्तर पोरांच्या ताब्यात जातात!

'चार्जशीट आली म्हणजे कोर्टाने चार्ज ठेवला' हे तुमचं उदाहरण मात्र बदला. चार्जशीट हा पोलिसांचा तपास-अहवाल. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९३ आहे. चार्ज निश्चित करतं ते कोर्ट, कागद पाहून आणि दोन्ही बाजू ऐकून. त्यात दम दिसला नाही तर आरोपी तिथेच 'डिस्चार्ज' होतो, म्हणजे लादलेलं उतरवलं जातं. खटला पूर्ण चालून निर्दोष सुटला तर त्याला 'अक्विटल' म्हणतात. वर्गात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून द्या. वर्तमानपत्रंही त्यांची गल्लत करतात.