वाढदिवस पाड्यावर साजरा करण्याची रीत

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन! हॉटेलात केक कापण्याऐवजी यंदाचा वाढदिवस ‘कुपोषित बालकांसोबत’ करायचं ठरवलंत. जव्हार-मोखाडा मुंबईहून तसं सोयीचं. पावसाळ्यात निघालात तर दाभोशाचा धबधबाही त्याच डिझेलमध्ये उरकतो. मागच्या महिन्यात असाच एक ग्रुप आमच्या पाड्यावर येऊन गेला, त्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवते.

येण्याआधी अंगणवाडीत विचारू नका. वजनाचा दिवस सापडला तर सोन्याहून पिवळं. पोरं आयती गोळा झालेली असतात, तीही उघडी. ताईंना काय काम असतं? वजन, उंची, दंडाचा घेर, रजिस्टरं, आणि पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चेहरा जुळावा म्हणून मोबाईल घेऊन अंगणभर रेंज शोधायची. तीन तास थांबतील की तुमच्यासाठी.

मूल नीट निवडा. दंडाच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या आत तांबडा पट्टा येतो, म्हणजे अतितीव्र कुपोषण, तीच घ्या. पिवळ्यातली फोटोत धडधाकट वाटतात. ‘बरगड्या दिसणारी दोन-तीन पुढे घ्या ना’ हे वाक्य मी याच कानांनी ऐकलंय.

बॅनर मुलापेक्षा मोठा हवा.

खाऊ म्हणून क्रीमची बिस्किटं आणि आंब्याच्या नावाचं रंगीत पाणी. अंडी आणू नका. अंडी-केळी सरकारच्या अमृत आहार योजनेतून मिळतातच. त्याचे पैसे ताईंना वेळेवर मिळतात का, हे विचारणं म्हणजे राजकारण, आणि आपण पडलो समाजसेवक.

आता तान्ह्या बाळांकडे वळू. त्यांच्यासाठी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या अवश्य आणा. बाळ चार महिन्यांचं आहे, आई अंगावर पाजतेय, तरी द्या. असे डबे आणि बाटल्या अशा फुकट वाटायला या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, अपवाद अनाथालयांचा, हे मी सांगायला गेले तर एक साहेब म्हणाले, ‘मॅडम, चांगल्या कामात कायदा कशाला?’ खरंच, कशाला! डबा फार तर आठवडाभर जातो. तो जास्त दिवस पुरावा म्हणून आई चमच्याच्या जागी अर्धा चमचा घालते. पाणी गढूळ, सरपण ओलं, बाटली उकळणार कोण? पोट बाटलीने भरलं की बाळ अंगावर ओढत नाही, ओढत नाही म्हणून दूध आटतं. डबा संपतो तोवर जुलाब लागलेले असतात. तुम्ही तेव्हा कुठे असता? आम्ही जीप शोधत रस्त्यावर असतो. मग पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहा म्हणून त्या बाईच्या विनवण्या. ती विचारते, घरच्या दोघांना भाकर कोण घालील, भाताची आवणी कोण करील? बुडीत मजुरी मिळेल म्हणावं, तर आवणी चौदा दिवस थांबते का? आणि दिवाळी झाली की अख्खं घरच भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर. तिथे त्या मुलाचं वजन कोण करतं ते जाऊन बघा एकदा. पण तिथे वाढदिवस करायला कुणी येत नाही. धूळ असते ना, कॅमेरा खराब होतो.

शेवटी फोटो. फोटोखाली पाड्याचं नाव लिहा, आईचं नाव लिहा, वय लिहा, म्हणजे काळीज पिळवटतं आणि...

नाही. हे गमतीत नाही लिहिता येत मला.

मागच्या महिन्यात आलेल्यांनो, तुम्ही जिच्या हातात दोन डबे ठेवून फोटो काढलात ती १५ वर्षांची आहे. तिच्या लग्नाचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे आहे. कुणाशी न बोलणारी ती पोर आत्ता कुठे ताईंशी दोन शब्द बोलायला लागली होती. तिचा चेहरा, नाव, पाडा, सगळं ‘चिमुकली माता’ म्हणून तुम्ही गावभरच्या ग्रुपांवर पाठवलंत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. अशा मुलीची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेही राहू द्या. तो फोटो फिरत फिरत तिच्या सासरी पोचला, तेव्हापासून ती अंगणवाडीत आलेली नाही. बाळाचं या महिन्याचं वजन झालेलं नाही.

तिला विचारलं होतंत, फोटो काढू का म्हणून? तुमच्या लेकीचा फोटो कुणी न विचारता टाकला तर तुम्ही शाळा डोक्यावर घ्याल. ‘फोटो बघूनच लोक पैसे देतात’ हे मला ऐकवू नका. पैसे द्यायचेत तर आजारी बाळ नेणाऱ्या जीपचं डिझेल भरा, नाहीतर घरी बसा. उरलेले डबे येऊन घेऊन जा, ताईंच्या कपाटात जागा नाही. आणि तो फोटो काढून टाका. ज्याला ज्याला पाठवलात त्याला फोन करून काढायला लावा. आज.