24 मार्च, त्रिंकोमाली

दरवर्षी 20 मार्च जवळ आला की इराकवरचे लेख सुरू होतात. 2003 साली त्या दिवशी अमेरिकेने इराकवर हल्ला चढवला. त्या लेखांत एक वाक्य हमखास असतं: इराक म्हणजे अमेरिकेचं दुसरं व्हिएतनाम. हे वाक्य मी इतकी वर्षं वाचत आले आहे की ते आपल्याही तोंडात बसलंय. मराठी वर्तमानपत्रांत, चर्चांत, पोस्टींत, सगळीकडे व्हिएतनाम.

आणि मग चारच दिवसांनी 24 मार्च येतो. 1990 साली याच दिवशी श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरातून भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी जहाजावर चढली. परदेशी भूमीवर गेलेलं सैन्य, आधी फुलांचे हार, मग सुरुंग, शेवटी कुणालाच नकोसं झालेलं युद्ध. हे सगळं समजून घ्यायला आपल्याला व्हिएतनामपर्यंत जायची गरजच नाही. आपल्याकडे जाफना आहे, श्रीलंकेच्या उत्तर टोकाचं. पण तो शब्द काढला तर समोरचा विचारतो, "तिकडे आपलं सैन्य कधी गेलं होतं?"

माझा धाकटा मामा पायदळात होता. सातारा जिल्ह्यात यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. आमच्याकडे गल्लीत दोन घरं सोडून एका घरात पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि नाव रंगवलेली काळी ट्रंक असतेच. अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली, आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलं. 1987 मध्ये मामाला श्रीलंकेचा हुकूम आला तेव्हा आजी जराशी निर्धास्तच होती. 'शांतिसेना' हे नावच तसं. "भांडणं सोडवायला चाललाय, लढायला नाही," असं ती शेजारच्या काकूंना सांगायची. मी तेव्हा सातवीत होते.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथलं तमिळ बंड मिटवण्याच्या करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी सलामी घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला. सिंहली बाजूचा राग किती खोल आहे हे तिथेच दिसायला हवं होतं. इकडे जाफन्यात मात्र आपल्या जवानांना हार घातले गेले, बायकांनी कुंकू लावलं. मामा सांगतो, पहिल्या आठवड्यात एवढे नारळ प्यायलो की पोट बिघडलं. अडीच महिन्यांच्या आत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच गल्ल्यांमधून त्याच्यावर गोळ्या येत होत्या.

मधल्या काळात काय झालं? स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीईच्या थिलीपनने जाफन्यात पाण्याचा थेंबही न घेता उपोषण केलं आणि 26 सप्टेंबरला तो गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईचे सतरा जण पकडले. त्यांना कोलंबोला न्यायचं ठरताच त्यांनी सायनाइड घेतलं आणि बारा जण मेले. एलटीटीईने शस्त्रं खाली ठेवण्याची प्रक्रिया तिथेच संपली आणि त्यांच्याविरुद्ध आपल्या सैन्याचं 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. वरिष्ठांचा अंदाज होता की काही दिवसांत आटोपेल. पहिल्याच रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या 13 शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले. तीसपैकी एकोणतीस. आणि आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

इराकमध्ये बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पाडला 9 एप्रिलला. 28 एप्रिलला फल्लुजात एका शाळेसमोर जमलेल्या लोकांवर अमेरिकी सैनिकांनी गोळीबार केला. स्वागताच्या जागी गोळ्या यायला जाफन्यात अडीच महिने तरी लागले, तिथे तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत.

फरक आहेत, आणि ते लपवून तुलना करणं मला मान्य नाही. आपण चढाई करून गेलो नव्हतो. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी करार करून बोलावलं म्हणून गेलो. अमेरिका इराकमध्ये गेली ती महासंहारक शस्त्रांचं कारण सांगून, आणि ती शस्त्रं सापडलीच नाहीत. आपल्याला ना तेल हवं होतं ना तळ. शिवाय व्हिएतनाममध्ये अमेरिकेने सक्तीने भरती केलेली पोरंही पाठवली, सगळे मिळून 58 हजारांवर सैनिक मेले. इराकमध्ये आणि जाफन्यात गेलेले स्वखुशीने वर्दी घातलेले होते, जरी 'स्वखुशी' या शब्दाचा अर्थ माण-खटावच्या कोरडवाहू रानात काय होतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या घराच्या अंगणात रात्री दोन वाजता परक्या भाषेत ओरडत बूट शिरतात, त्या घराला हे फरक कळत नाहीत. जाफन्यातल्या तमिळ माणसाने आपल्याला आधी पाहुणे म्हटलं आणि नंतर कब्जा करणारे. त्याला ते वाटलं, हे मान्य केल्याने आपला जवान लहान होत नाही.

एक साम्य तर अंगावर काटा आणणारं आहे. 1983 च्या डिसेंबरमध्ये रम्सफेल्ड, म्हणजे 2003 च्या हल्ल्याच्या वेळचे अमेरिकी संरक्षणमंत्री, बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करत होते, कारण तेव्हा तो इराणविरुद्ध उपयोगाचा होता. त्याच 1983 मध्ये, कोलंबोतल्या जुलैच्या तमिळविरोधी दंगलींनंतर, तमिळ पोरांना भारतात शस्त्रांचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. मामाच्या शब्दांत, "सुरुंग कसा पेरायचा ते आपणच शिकवलं आणि पेरल्यावर शोधायला आम्हाला पाठवलं."

सुरुंगाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जाफन्यात लाल माती, ताडाच्या झापांची कुंपणं, घरागणिक विहीर आणि अरुंद गल्ल्या. रस्त्याखालच्या मोरीत डबाभर स्फोटकं ठेवायची, वायर शेतातून दोनशे पावलं लांब न्यायची आणि बॅटरी घेऊन बसायचं. बसलेला असतो लुंगीतला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, सकाळी कदाचित त्यानेच रस्ता दाखवलेला. म्हणून रोज पहाटे 'रोड ओपनिंग'. एक जण पुढे, नजर खाली, बाकीचे अंतर ठेवून. मामा निवृत्त होऊन तीस वर्षं झाली. आजही आमच्या गावच्या रस्त्यावर मोरी आली की तो खाली उतरून ओढ्यातून जातो. पावसाळ्यात गुडघाभर पाणी असलं तरी. कुणी कधी विचारत नाही. मामी नुसती थांबते आणि तो पलीकडे वर आला की दोघं पुढे चालू लागतात.

आता जी गोष्ट लिहायला मला जड जातं ती. 2 ऑगस्ट 1989 ला जाफना भागातल्या वाल्वेट्टिथुराईत आपल्या गस्तीवर हल्ला झाला, जवान मेले, आणि त्यानंतर तिथले पन्नासहून अधिक नागरिक मारले गेले. 19 नोव्हेंबर 2005 ला इराकमधल्या हदिथात रस्त्याकडेच्या बॉम्बने एक अमेरिकी मरीन मेला आणि त्यानंतर 24 नागरिक मारले गेले, त्यात बायकामुलं होती. 16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लाईत शेकडो गावकऱ्यांची कत्तल करणाऱ्या अमेरिकी तुकडीने आधीच्या काही आठवड्यांत सुरुंगांवर आपली माणसं गमावली होती. दोन देशांची सैन्यं, तीन युद्धं, क्रम तोच. शत्रू दिसत नाही, मित्र डोळ्यांदेखत फुटतो, आणि समोर दिसतात फक्त गावातली माणसं. यात कुणाच्या जातीचा, धर्माचा किंवा देशाच्या संस्काराचा प्रश्न नाही. माणसाला अशा जागी वर्षभर उभं केलं की काय होतं हे ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनीच त्याला तिथे उभं केलं.

आणि 21 ऑक्टोबर 1987. नरक चतुर्दशी. आमच्याकडे पहाटे उटणं लावून आंघोळी झाल्या, कारिट फोडलं. तमिळ घरांतही तीच दीपावलीची पहाट. त्या दिवशी आणि त्या रात्री जाफना रुग्णालयात साठ-सत्तर माणसं मारली गेली: डॉक्टर, नर्स, खाटेवरचे रुग्ण. आतून गोळीबार झाला, असं सैन्याचं म्हणणं. रुग्णालयातल्या वाचलेल्यांनी ते साफ नाकारलं. मामा त्या भागात नव्हता. मी विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नव्हतो म्हणून देवाचे आभार मानतो. असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही." युद्धाबद्दल इतकं खरं बोललेलं दुसरं वाक्य मी ऐकलेलं नाही.

त्याच जाफन्यात 25 नोव्हेंबरला 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागल्यावरही तुकडी सोडली नाही, हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला मारलं, आणि शेवटचा श्वास जाईपर्यंत हुकूम देत राहिले. परमवीरचक्र मिळालं. ते मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शाळा शिकलेले. हे दोन्ही जाफना पाच आठवड्यांच्या अंतरातले आहेत. एक सांगून दुसरं दडवायचं असेल तर मग काहीच सांगू नये, आणि आपण नेमकं तेच केलं.

कारण आपल्याकडे निदर्शनं झाली नाहीत. अमेरिकेत व्हिएतनामविरुद्ध विद्यापीठं बंद पडली, इराकवर हल्ला होण्याआधीच जगभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. तमिळनाडू अस्वस्थ होता, पण महाराष्ट्राला त्या वर्षांत बोफोर्स पाठ होतं, जाफना नव्हतं. आंतरदेशीय पत्रावर 'मार्फत 56 एपीओ' एवढाच सैन्याच्या टपालाचा पत्ता, त्यामुळे मामा नेमका कुठे आहे हे आम्हालाही ठाऊक नसे. 1989 मध्ये श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी निघून जा म्हटलं, आणि ज्यांच्याशी आपण लढत होतो त्या एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. परतलेल्या सैन्याच्या स्वागताला मद्रासला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्यांच्या राज्यातल्या भावना पाहता मी ते समजू शकते. पण मग उरलेल्या देशातून तरी कोण गेलं होतं? सुमारे 1200 जवान परत आलेच नाहीत. मामा त्याच सुमारास परतला, गावच्या स्टँडवर उतरला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन चालत घरी आला.

या सगळ्याचा 2003 शी थेट संबंध आहे. अमेरिकेने तेव्हा भारताकडे इराकसाठी सुमारे 17 हजार जवानांची एक डिव्हिजन मागितली होती. दिल्लीत बरेच जण तयार होते. मोठं राष्ट्र व्हायचं तर मोठी कामं करावी लागतात, वगैरे युक्तिवाद तेव्हा जोरात होते. 14 जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असं जाहीर केलं. माझ्या मते त्या सरकारचा तो सर्वांत मोठा निर्णय, पोखरणपेक्षाही. इराकमध्ये मराठी माणसं एकदा मरून आलेली आहेत: 1916 मध्ये कुतच्या वेढ्यात अडकून शरण गेलेली फौज सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. ब्रिटिश जनरल मॉड यांनी 1917 मध्ये बगदादच्या लोकांना सांगितलं होतं की आम्ही जिंकायला आलो नाही, मुक्त करायला आलो आहोत. तीनच वर्षांत, 1920 मध्ये, इराक त्यांच्याविरुद्ध उठला.

मला सरकारकडून हवं आहे ते एवढंच: ऑपरेशन पवनची कागदपत्रं उघडा, वाल्वेट्टिथुराई आणि रुग्णालयासकट. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर 2019 पासून या जवानांची नावं आहेत, ते चांगलं झालं, पण त्याला तीस वर्षं लागली. वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडाची भिंत 1982 मध्येच उभी राहिली, युद्ध चूक होतं असं मानणारेसुद्धा तिथे नाव शोधून कागद ठेवतात, पेन्सिल घासतात. आपल्या जवानांसाठी तसं स्मारक कोलंबोजवळ, श्रीलंकेने आधी बांधलं.

गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण कामानिमित्त कोलंबोला गेली होती. तिला मी त्या स्मारकाचे फोटो काढून आणायला सांगितलं, नावांच्या सगळ्या रांगांचे. मामाला मोबाइलवर दिसेना म्हणून मोठे प्रिंट काढले. ओसरीवर चष्मा लावून तो बोट फिरवत बसला. जवळजवळ तास गेला. एका नावावर बोट थांबलं. कोण, ते त्याने सांगितलं नाही. आत जाऊन टोपी घातली, तेवढा एक कागद घडी न पाडता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दहिवडीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.